पुण्याचा अर्ज

महादेवरावांनी वामनराव मास्तरांना मुद्दाम चिखलीहून बोलावून घेतलं होतं. जानेफळच्या त्या घरातली दोन पोरं एकाच वर्षी अमरावतीहून इंटर सायन्स झाली होती. पुतण्या निवृत्ती पहिल्या वर्गात आला होता. महादेवरावांचा मुलगा तुळशीराम दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या वर्गात. दोघांनाही इंजिनेर करायचं घरात ठरलं होतं.

चहा झाल्यावर मास्तरांनी निवृत्तीला जवळ बसवून घेतलं. अर्ज एकाच ठिकाणी करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. "झाडाखाली उभं राहिल्यासारखं बघ," ते म्हणाले. "एक फांदी हात न पुरणारी. एक उडी मारली तर लागणारी. आणि एक बसल्या जागी मिळणारी. तिन्हींवर नजर ठेवायची." निवृत्तीसाठी हात न पुरणारी फांदी म्हणजे काशीचं इंजिनेरिंग कॉलेज. उडी मारून लागणारी म्हणजे पुण्याचं. पुण्यात वऱ्हाडातल्या पोरांना जागा थोड्याच मिळत, पण निवृत्तीचे मार्क बघता मास्तरांना भरवसा वाटत होता. आणि बसल्या जागी मिळणारी म्हणजे नागपूरचा ओव्हरसिअरचा वर्ग.

महादेवराव सुपारी कातरत सगळं ऐकत होते. काशी त्यांनी आधी काढली. काशीला माणसं म्हातारपणी जातात, म्हणाले. मास्तर हसले. मग महादेवरावांनी पुण्याचा विषय काढला. एका घरातले दोन अर्ज एकाच ठिकाणी गेले, तर वरचे लोक दोघांनाही मागे सारतील, असं त्यांना वाटत होतं. तेव्हा पुण्याला एकानेच अर्ज करावा, आणि तो तुळशीरामने.

मास्तरांचं हसू मावळलं. तुळशीरामच्या मार्कांवर पुण्याला निभाव लागायचा नाही, निवृत्तीचा लागेल, असं त्यांनी हळूच सांगून पाहिलं.

"हुशार पोरगं कुठंबी टाका मास्तर, ते उगवतेच," महादेवराव म्हणाले. "खत लागते ते कमजोर पिकाले."

मास्तर ज्या शाळेत शिकवत, तिची इमारत महादेवरावांच्या देणगीवर उभी राहत होती. भिंती झाल्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली आणि निवृत्तीकडे न बघता म्हणाले, "नागपूरही काही वाईट नाही."

निवृत्तीचा बाप गेल्यापासून मोठेबाबांनीच, म्हणजे महादेवरावांनीच, त्याला शिकवलं होतं. त्यांच्यासमोर 'पण' हा शब्द त्याच्या तोंडातून कधी निघाला नव्हता.

दोन्ही अर्ज त्यालाच लिहावे लागले, कारण घरात सुवाच्य इंग्रजी अक्षर त्याचंच होतं. आधी नागपूरचा, स्वतःचा. मग पुण्याचा. तुळशीराम त्याच्या शेजारी मांडी घालून बसला होता. मलकापूरला एखाद्या कापसाच्या जिनात कामाला लागावं, यंत्रांच्या आवाजात राहावं, एवढीच त्याची हौस होती. ती त्याने बापाला एकदा सांगितली होती आणि थप्पड खाल्ली होती.

"खराब अक्षरात लिही बे," तो कुजबुजला. "मले नाही जाचं पुण्याले."

निवृत्तीचा टाक क्षणभर थांबला. मग त्याने तुळशीरामचं नाव लिहिलं. वाईट लिहायला त्याचा हात वळेना.

स्वयंपाकघरात त्याची आई, सोजराबाई, चुलीपुढे बसली होती. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलायची रीत नव्हती, पण ओसरीवरचं सगळं तिला आत ऐकू आलं होतं. निवृत्ती पाणी प्यायला आत आला तेव्हा तिने विचारलं, "पुन्याले काय शिकवतात, जे नागपुरात शिकवत नाहीत?"

"पूल कसा बांधाचा, ते ठरवाले शिकवतात."

"आन् नागपुरात?"

"ठरवलेला पूल बांधून घ्याले."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

पावसाळ्यात पुण्याचं उत्तर आलं. तुळशीरामला जागा मिळाली नव्हती. वऱ्हाडातून निवड झालेल्या एका मुलाचे मार्क निवृत्तीपेक्षा कमी होते, अशी बातमी मास्तरांना कुठून तरी लागली. ती त्यांनी महादेवरावांना सांगितली, पण निवृत्तीला सांगायला ते आले नाहीत. महादेवरावांनीच त्याला सांगितली. "दोघांयनं अर्ज केला असता तं दोघांयचंबी मन मोडलं असतं," ते म्हणाले. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

निवृत्ती नागपूरला गेला. तुळशीराम शेती बघू लागला.

मार्गशीर्षात तुळशीरामला बघायला मुलीकडचे पाहुणे आले. पंगत बसली. तुळशीरामबद्दल सांगण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून महादेवराव घराबद्दल सांगू लागले. घरात एक पोरगं इंजिनेर होऊन राह्यलं, नागपुरात शिकून राह्यलं, मीच धाडलं त्याले, असं ते पाहुण्यांना सांगत होते. पाहुणे माना डोलावत होते.

सोजराबाई डोक्यावरून पदर घेऊन तूप वाढत होती. ती महादेवरावांच्या पानापाशी थांबली.

"इंजिनेर नाही," ती म्हणाली. "ओव्हरशेर."

पाहुण्यांच्या माना डोलायच्या थांबल्या. या घरात तिचा आवाज आजवर ओसरीवर कुणी ऐकला नव्हता. मग एका वयस्क पाहुण्याने सहज, माहिती म्हणून विचारलं, की बाई, या दोघांत फरक काय असते.

"यायले पुसा," ती महादेवरावांच्या पानाकडे बघत म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

महादेवरावांनी पोळीचा तुकडा मोडला. मग त्या तुकड्याचे दोन केले. मग त्या दोहोंचे चार.