नऊ डोक्यांची बाई

आईने गळ्यातली टेप काढली आणि भिंतीवरच्या चित्रातल्या बाईचे पाय मोजले. मग डोकं मोजलं. पुन्हा पाय मोजले.

"हिला झगा शिवायचा तर अख्खा तागा लागेल. असली बाई माझ्याकडे मापाला कधी आली नाही."

लेक हसली. फॅशनच्या चित्रात बाई नऊ डोक्यांएवढी उंच काढतात, असं तिच्या ड्रॉइंग क्लासच्या मॅडम म्हणतात. ते चित्र मॅडमनीच वर्गात काढून दाखवलेलं. लेकीने मागून आणून पलंगाजवळ लावलं होतं.

हल्ली सगळं मॅडमच म्हणत. कापड आधी खांद्यावरून पडतं, मॅडम म्हणतात. चुण्या मोजून काढायच्या नसतात, मॅडम म्हणतात. पंचवीस वर्षं चुण्या घालणारी आई दातात टाचणी धरून ऐकून घेई. पोरीला आता मॅडमसारखा सैल पांढरा शर्ट हवा झाला. तोही आईनेच शिवून दिला, जळत जळत. एकुलती एक पोर डोळ्यांदेखत त्या बाईची होत चालली होती.

शनिवारी लेक डबा विसरली. म्हणजे आईनेच तो ओट्यावर भांड्यांमागे सरकवला होता. डबा घेऊन ती क्लासला पोचली. एकदा त्या बाईला बघायचंच होतं.

मॅडम अगदी साध्या निघाल्या. बोटांना खडूची पूड, चष्मा कपाळावर. त्याचाही आईला राग आला.

लेक ब्रश धुवायला नळावर गेली होती. मॅडमनी लगबगीने तिची चित्रं दाखवली, भिंतभर लावलेली. कापडाचा भार, कमरेवरची घडी, खांद्याच्या फऱ्यांवर आलेला ताण, सगळं बोट फिरवत समजावलं. असा हात आजवर पाहिला नाही, म्हणाल्या. आईचा ऊर भरून आला असता. पण मॅडम "आमची पोरगी" म्हणाल्या आणि तिथेच ते अडलं.

मग तिच्या लक्षात आलं. झगे वेगळे, कोट वेगळे, पण सगळ्या बाया पाठमोऱ्या. एकाही कपड्याला पुढची बाजू नव्हती.

सापडलं, तिला वाटलं. एवढ्या शिकलेल्या बाईला हे शिकवता आलेलं नाही.

"पुढची बाजू नाही का हो शिकवत तुमच्याकडे?" तिने गोड आवाजात विचारलं. "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी तीच बघतं."

मॅडमना टोमणा कळलाच नाही. परीक्षेला समोरून काढावं लागतं, सांगून थकले, म्हणाल्या. तिच्यासाठी त्या स्वतः तासभर समोर उभ्या राहिल्या होत्या. पोरीने चार रेघा ओढून कागद उलटा ठेवला.

"काल शेवटी जवळ बसवून विचारलं. तर म्हणाली, आई दिवसभर मशीनवर असायची आणि मी तिच्या मागे बसलेली. मला बाई येते ती तशीच."