रेघेच्या आत

रंगारी शिडीवर चढला तेव्हा समोरच्या खिडकीत बाई आधीपासूनच उभ्या होत्या.

पिवळ्या भिंतीवर एक भलामोठा हात रंगवलेला होता. वर्गात प्रश्न विचारायला मुलं करतात तसा, एक बोट वर केलेला. तो बाईंच्या लेकीने काढला होता. सरकारला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत म्हणून काढला. मग पोलीस आले. ती तुरुंगात गेल्यापासून बाई सकाळचा चहा त्या हाताकडे बघत घ्यायच्या. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"बाई, ओळखलंत का? पहिलीतला तुमचा सगळ्यात ढ मुलगा."

"ढ नव्हतास, धसमुसळा होतास. रंग भरायला दिला की चित्र राहायचं बाजूला, बाक रंगायचा."

तो हसला. मग हातातला करड्या रंगाचा डबा त्याने शिडीला अडकवला.

"नाही म्हटलं तर कामावरून काढून टाकतील, बाई."

"मी काही म्हटलं का? कर तुझं काम."

त्यांनी खिडकी लावून घेतली. ब्रशचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ लावला. थोड्या वेळाने बंद केला. ब्रशची का होईना, तेवढीच कुणाची तरी चाहूल होती.

दुपारी खालून मुकादम ओरडला, "अरे, चित्रकलेची परीक्षा आहे का? रोलर फिरव की सरळ!"

"चित्र झाकायला सांगितलंत ना साहेब? तेवढंच झाकतोय. डबा एकच दिलात, इकडेतिकडे गेला तर पुरायचा नाही."

"अजून हातासारखंच दिसतंय रे ते."

"छे, सगळं करडं केलंय."

मुकादमाने डोकं खाजवलं. "बरं, उतर. फोटो काढतो आणि निघू, मला जेवायचंय."

गाडीचा आवाज लांब गेल्यावर बाईंनी खिडकी उघडली. नखं गेली होती, तळव्यावरच्या रेषा गेल्या होत्या, मनगटावरची लाल बांगडी गेली होती. पिवळ्या भिंतीवर एक करडा हात उभा होता, बोट वर करून. प्रत्येक बोटाच्या कडेने बारीक ब्रश फिरला होता. रेघेबाहेर एक थेंबसुद्धा गेला नव्हता.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग रिकाम्या खोलीत, वर्गात म्हणायच्या तशाच म्हणाल्या,

"हं, बोल बाळा. काय विचारायचंय?"