धाकट्याचा सूर

थोरला गिटार वाजवायला लागला की त्याची बोटं अशी पळायची, की बघणाऱ्यालाच धाप लागावी. पण लोक डोळे पुसायचे ते धाकट्या भावाच्या एकाच सुरावर. सोलो रंगात आला की धाकटा तार ओढून तो सूर असा धरायचा, की अख्खा हॉल श्वास घ्यायला विसरायचा.

"तुमचंही छान असतं हो," बायको एकदा म्हणाली, "पण भाऊजींच्या त्या सुराची सर त्याला नाही."

ते 'तुमचंही' थोरल्याला फार डाचलं. धाकटा आंघोळीला गेलेला बघून त्याने त्याचीच गिटार उचलली आणि तार ओढली.

लागला! हुबेहूब तोच सूर. आनंदाने थोरल्याच्या अंगावर काटा आला.

त्याने बोट उचललं. सूर वाजतच राहिला.

तारांवर तळवा दाबला, स्पीकरची वायर उपटली, तरीही वाजतच राहिला.

"अगंबाई, भाऊजी, आज काय लागलाय हो तुमचा सूर!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"भाऊजी नाही, मी वाजवतोय, मी!" असं ठणकावून सांगायला थोरल्याने तोंड उघडलं.

शब्द फुटलाच नाही. सूर तेवढा मोठा झाला.