विचारल्याशिवाय

“माझ्या बापाला पाण्यात बुडवायचं नाही,” बाकावर बसायच्या आधीच लीलाबाईंनी सांगून टाकलं.

टेटसाहेबांनी शेंगदाण्याची पुडी खाली ठेवली. परदेशात, बिशानमधल्या त्यांच्या इमारतीखाली, व्हॉइड डेकच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेतल्या बाकावर, दोघं रोज संध्याकाळी बसत. वेंडेल टेट अमेरिकेतले काळे गृहस्थ, पंचाहत्तरीचे, धर्मानं मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्याच एका वेगळ्या पंथाचे. मुलगी इथल्या तुआसच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आली, तिच्यामागून हेही आले. लीलाबाई नागपूरच्या, मुलगा प्रीतम याच्याकडे राहायला आलेल्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ‘होल्ड ऑन प्लीज’ म्हणण्यात गेल्यामुळे इंग्रजीला त्या कधी डरल्या नाहीत. साहेब त्यांना सिस्टर लीला म्हणत. सख्ख्या भावानं त्यांना इतक्या प्रेमानं कधी हाक मारली नव्हती.

“कोण म्हणतं, मी बुडवणार आहे?” साहेबांनी विचारलं.

“प्रीतम. तुम्ही लोक मेलेल्यांची नावं मंदिरात नेता म्हणे. त्यांच्या नावानं दुसराच कुणीतरी पाण्यात बुडी मारतो आणि मेलेला तुमच्या धर्मात जातो. तुम्ही या आठवड्यात बँकॉकच्या मंदिरात निघालात. आणि रोज मला माझ्या वडिलांचं विचारता.”

हे प्रीतमनं गेल्या रविवारी काढलं होतं. लीलाबाई विहारात न्यायचा डबा भरत होत्या. “आई, दर रविवारी भेंडीच?” सून अंजलीनं विचारलं. “भन्तेजींना आवडते,” लीलाबाई म्हणाल्या. तेवढ्यात प्रीतमनं पेपरातून डोकं वर काढलं आणि त्या काकांपासून जपून राहा, असं बजावलं. तेव्हापासून लीलाबाईंच्या मनातून ते जात नव्हतं.

वडील म्हणजे त्यांचा जीव होता. गावानं ठेवलेलं त्यांचं नाव कचरू. देवळाच्या पायरीला पाय लागला म्हणून मार खाल्लेला माणूस. छप्पन साली, तिशीत, नागपूरला दीक्षा घेतली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच स्वतःचं नाव सुगत ठेवलं. नाव मागाहून घेतलं तरी अंगी बसतं, असं ते म्हणत.

“माझे वडीलही दाराबाहेरच राहिले,” टेटसाहेब म्हणाले. “चर्चची फरशी पुसली, बाक घासले, मुलांना गाणी शिकवली. पण कातडी काळी, म्हणून मंदिरात मज्जाव. बंदी उठली अठ्ठ्याहत्तर साली. ते सत्त्याहत्तरमध्येच गेले.”

“मग त्याच दारात तुम्ही कशाला गेलात? माझ्या बापानं त्या देवळाकडे परत ढुंकूनही पाहिलं नाही.”

साहेबांनी एक शेंगदाणा सोलला आणि तो हातातच ठेवला. “वडिलांचा देव दार अडवणाऱ्यांच्या ताब्यात कसा सोडू? बंदी उठल्यावर त्यांच्या नावानं मीच पाण्यात उतरलो. आमच्या मंदिरात माणसं एकमेकांना जोडतात, सिस्टर. मुलगा बापाला, बाप त्याच्या आईला, कायमचं. माझी साखळी मात्र खापरपणजीपाशी तुटते. ते तुम्हाला माहीतच आहे.”

लीलाबाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती गुलाम होती. जुन्या सरकारी मोजणीत मालकाचं नाव ठसठशीत आहे आणि त्याखाली ही नुसती बाई, काळी, वय तीस. मालकानं नाव सांगितलं नाही आणि मोजणाऱ्यानं विचारलं नाही. नावाशिवाय मंदिरात तिचं काही करता येत नाही. झोपडीमागे ती भेंडी लावायची, एवढंच साहेब घरात ऐकत आले होते.

“स्वप्नात ती मला पाठमोरी दिसते,” साहेब म्हणाले. “हाक मारावी, म्हणजे वळून बघेल. पण तोंडात नावच नसतं.”

लीलाबाईंना भडभडून आलं. तरी मुद्दा त्यांनी सोडला नाही. “आणि माझे वडील?”

“आम्हाला स्वतःच्या रक्ताच्या माणसांचीच नावं नेता येतात. आणि मी तर विचारल्याशिवाय कुणाच्या शेंगदाण्यालासुद्धा हात लावत नाही.”

“मग त्यांचं सारखं का विचारता?”

“तुम्ही ‘सुगत’ म्हणता ना, तेव्हा तुमचा आवाज बदलतो. आपल्या माणसाचं नाव घेताना कसं वाटत असेल, ते मी ऐकत असतो.”

लीलाबाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. सुटका झाली की माणूस जरा जास्तच बोलतो, तसं त्याही बोलल्या. “बरोबर आहे. विचारल्याशिवाय कुणाचं मेलेलं माणूस आपल्या धर्मात ओढू नये. चांगलं नव्हे ते.”

“अगदी खरं,” साहेब म्हणाले.

हे ऐकताच लीलाबाई एकदम उठल्या. मग कुकर लावायचाय असं काहीतरी पुटपुटत चपला चढवून लिफ्टकडे निघून गेल्या.

रविवारी टेटसाहेब बँकॉकला होते. लीलाबाई डबा घेऊन विहारात गेल्या. भोजनदान झालं आणि पुण्यानुमोदनासाठी मंडळी रांगेनं बसली. आपण केलेलं पुण्य गेलेल्या माणसाला द्यायचं आणि वाटी भरून सांडेपर्यंत पाणी ओतत राहायचं, अशी इथली रीत. भन्तेजींनी नाव विचारलं.

“कालकथित सुगत,” लीलाबाई म्हणाल्या आणि पाणी ओतलं.

भन्तेजींनी दुसरी वाटी पुढे केली. ती कुणाची, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

“कालकथित विशाखा,” लीलाबाईंनी स्वतःच ठेवलेलं नाव घेतलं. “वय तीस.”

“यांच्यासाठी तुम्ही दर रविवारी भेंडी आणता,” भन्तेजी म्हणाले. “यांच्या घरचं कुणी येत नाही का?”

“येतील,” लीलाबाई पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “त्यांना अजून विचारलेलं नाही.”