केराबाईचे नाव

गावातल्या जमावाने चाळीस वर्षांपूर्वी पेटवलेल्या आपल्या वस्तीवर तेजश्रीने कविता लिहिली होती, आणि संध्याकाळी शहरातल्या सभागृहात ती वाचायची होती. त्याआधी तिने ती भीमाआजीला ऐकवली, कारण त्या जाळातून दोन लेकरे घेऊन निघालेली आजीच होती. ‘आम्ही हाका मारल्या, कोणीच आले नाही,’ या शेवटच्या ओळीपाशी म्हातारीने हात वर केला.

“आली हुती की! धनगरवाड्यातली केराबाई. मेंढरांच्या वाडग्यात आमाला निजवलं, वर घोंगडी टाकली, अन् कुत्री भुकू नयेत म्हणून दिवस मावळंपातूर त्यास्नी भाकरी चारत बसली.”

तेजश्रीने पेन उचलले. “मग ही ओळ खोडते, आजी. केराबाईंचं नाव घालते.”

“नगं.”

“का? कळू दे की लोकांना!”

“लई शिकलीस, पर शाणी न्हाय झालीस. आमाला हुडकणाऱ्यांत तिचा दादलाबी हुता. अजून जिता हाय, अन् केरा त्याच्याच घरात नांदतीया. टाळ्या तुला पडतील, मार तिला पडंल.”

तेजश्रीने कविता होती तशीच वाचली. शेवटच्या ओळीला पहिल्या रांगेतल्या भीमाआजीने पदर तोंडात कोंबला, आणि सारे सभागृह हळहळले: एवढ्या वर्षांनंतरही किती सलत असेल बिचारीला, त्या दिवशी कोणीच न आल्याचे!