मानेचा बाक

“तोंडवळा कसा होता, तेवढं सांगा, बाई,” गेनबा पाथरवट म्हणाला आणि टाकी-हातोडा खाली ठेवून बाजूला सरला.

मुक्ता मूर्तीसमोर उभी राहिली. नदीकाठच्या मांडवाखाली तिचे वडील काळ्या दगडातून अर्धेमुर्धे बाहेर आले होते. कात्रजहून शहरात पाणी आणणाऱ्या नळाची देखरेख यज्ञेश्वरपंतांनी हयातभर केली होती. त्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांची मूर्ती हौदाच्या पायरीवर बसवायची, असं पेठेनं ठरवलं होतं. त्यांचं चित्र कुणी काढून ठेवलेलं नव्हतं. म्हणून लेकीला बोलावलं होतं.

डोक्यावरचं पागोटं पुरं झालं होतं. कापडाचे पीळ बोटानं उलगडावेत इतके मऊ दिसत होते. त्याखाली मात्र दगड तसाच होता. तोंडापुढचा आणि छातीपुढचा जाड थर अजून काढायचा होता. बाजूला गेरूनं ओढलेल्या रेघांवरून कळत होतं, मूर्ती ताठ उभी राहणार होती.

“नाक सरळ,” मुक्ता म्हणाली. “भुवया दाट. डाव्या भुवईत...” ती थांबली.

“काय झालं?” दिगंबरपंतांनी विचारलं. पेठेच्या वतीनं मूर्तीचं काम त्यांनीच सांगितलं होतं.

“काका, नाक-डोळे जुळतील. पण हे तात्या नाहीत.”

“मग कोण आहे? मी?”

“तात्या असे उभे राहत नव्हते.”

दिगंबरपंतांनी उपरणं झटकलं. ती काय म्हणते ते त्यांना ठाऊक होतं, साऱ्या पेठेला ठाऊक होतं. नळ म्हणजे जमिनीखालचं बांधीव भुयारच. गाळ साचला की माणसं आत उतरवावी लागत, आणि यज्ञेश्वरपंत त्यांच्या पुढे उतरत. आत वाकूनच चालावं लागे. पुढेपुढे बाहेर आल्यावरही त्यांची मान वर होईना.

“मुक्ते, मूर्ती म्हणजे मूर्ती,” दिगंबरपंत म्हणाले. “वाकलेली बसवली तर लोक म्हणतील, पेठेला दगड पुरला नाही.”

मुक्तानं पदर आवरला, खांदे पुढे घेतले, मान खाली घातली आणि मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत गेली. पावलं जरा फाकवून, जपून, ओल्यात टाकल्यासारखी. वळली आणि तशीच परत आली.

दिगंबरपंत तिच्या पावलांकडे बघत होते.

“अस्सेच यायचे,” गेनबा हळूच म्हणाला.

“माझ्या सारवलेल्या ओट्यावरून,” दिगंबरपंत म्हणाले. “चिखलाच्या पायांनी.”

मुक्ता सरळ झाली. गेनबाचा हात पागोट्यावर होता, हे तिला आता दिसलं.

“हे बदलायचं तर पागोटं जाईल का?”

“जाईल तर. मान खाली आणायची म्हंजी डोकं ह्या पुढच्या दगडात काढाया लागंल. वरचं समदं उडवायचं.”

“किती दिवस लागले याला?”

“सारा श्रावण गेला, बाई. असं पागोटं माझ्या हातनं पुन्हा व्हनार न्हाई.”

मुक्तानं ते पुन्हा एकदा पाहिलं. “मग राहू दे, गेनबा,” ती म्हणाली. “लोकांनी आठवण ठेवली, तेच पुष्कळ आहे. मूर्ती चांगली झाली आहे. खरंच चांगली झाली आहे.”

ती जायला निघाली.

“बाई,” गेनबा म्हणाला, “आमची कारभारीण नदीवरनं पाणी वाहायची. पोटुशी असताना बी. डोईवर घागर घेऊन चढण चढायची, आन् घरी आली की मान धरून बसायची. हौदाला पाणी आलं तवा त्या चढणीतनं सुटली.” तो पागोट्याकडे बघत होता. “पंतांची मान कशापायी वाकली ते मला ठावं हाय. पर जन्मभर देव घडवले. देव ताठ असत्यात. हाताला तीच सवय.”

त्यानं मोठा हातोडा उचलला आणि दिगंबरपंतांकडे पाहिलं. काम त्यांचं होतं.

“माझ्याकडे काय बघतोस? पागोटं मी बांधलंय?” दिगंबरपंत म्हणाले आणि त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं.

घाव बसला. पागोट्याचा वरचा पीळ तुटून मातीत पडला. दुसरा घाव खालच्या पिळावर. गेनबा थांबला नाही, घाई केली नाही. दगडाची कच त्याच्या दाढीत, मुक्ताच्या लुगड्यावर उडत होती. तिनं ती झटकली नाही.

वरचा भाग गेल्यावर मूर्ती वीतभर ठेंगणी झाली. गेनबानं गेरूत बोट बुडवलं. नवं कपाळ आखलं, नवी हनुवटी आखली, छातीच्या अगदी जवळ. मग तो मूर्तीच्या मागे गेला आणि तिच्या खांद्यावरून खाली बघू लागला.

“पायरीवर हुभी ऱ्हानार मूर्ती. खाली बायका पाणी भरनार. बाई, तुमी हितं बसा. घागर भराया बसल्यागत. नजर कुठं पडती ते धरू द्या.”

मुक्ता बसली. दोन्ही हात पुढे करून, जणू काठ धरला आहे, ती वाकली.

“आता वर बघा.”

तिनं वर पाहिलं. गेनबानं पुढे येऊन तिच्याकडे पाहत, मग दगडाकडे पाहत, दोन ठिपके टेकवले. ओबडधोबड दगडात गेरूचे दोन ओले ठिपके, आणि ते नेमके तिच्याकडे लागले होते.

“झालं, बाई. उठा आता.”

“घागर भरू दे, गेनबा,” मुक्ता म्हणाली.