चांगला आहे हो बिल्डर!

“काकू, नदीकाठच्या वस्तीत पाणी भरपूर, पण तिथला बिल्डर नवखा आहे. टेकडीजवळची वस्ती लांब पडते, पण तिथे तुमची ही इमारत बांधणाराच बिल्डर आहे. म्हटलं, त्याचं जुनं काम बघूनच घर कुठे घ्यायचं ते ठरवू.” सोफ्याच्या कडेला टेकलेली ती अनोळखी मुलगी वही उघडून शैलजाताईंच्या तोंडाकडे बघत होती. सातवा महिना असावा.

शैलजाताईंची नजर समोरच्या खांबाकडे गेली. त्यावर कॅलेंडर होतं. त्यामागे खांबाला भेग गेली होती, आणि भेगेवर इंजिनिअरने काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. “भेग वाढली तर काच तडकेल. तडकली की क्षणभरही थांबू नका,” असं तो बजावून गेला होता. पण दुरुस्ती होईपर्यंत बाहेर कुणी ब्र काढायचा नाही, नाहीतर आपली घरं कुणी घेणार नाही, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. त्यांनीही हात वर केला होता.

“चांगला आहे हो बिल्डर,” त्या म्हणाल्या. “डोळे झाकून घर घ्या.”

कॅलेंडरमागे टक् असा आवाज झाला.

“पाल चुकचुकली!” मुलीने हसत टेबलावर बोटाने तीनदा टकटक केलं. “म्हणजे तुमचं बोलणं अगदी खरं, काकू.” ती नमस्काराला वाकू लागली.

शैलजाताईंनी तिचा दंड घट्ट धरला.

“खोटं बोलले गं मी. चपला राहू देत, आधी बाहेर चल!”